आमची वाटचाल : अँपिअर छापत नाही, तांबे तोलून देतो

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या आमच्या शेडमध्ये टेबलावर सगळ्यात पुढे वजनकाटा असतो, मल्टिमीटर त्याच्या मागे. जंपर केबल, म्हणजे उतरलेल्या बॅटरीची गाडी दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून चालू करायची लाल-काळी जोडी, घ्यायला आलेला माणूस पिशवीवरचा आकडा वाचतो. 500 अँप, 1000 अँप, परवा एकीवर 2000 सुद्धा होते. छापायला काय जातंय? तांब्याचं वजन मात्र छापता येत नाही. 25 स्क्वेअर एमएमच्या (हे तांब्याच्या छेदाचं क्षेत्रफळ) केबलमध्ये दर मीटरला निव्वळ तांबं 224 ग्रॅमच्या आसपास भरतं. तीन मीटरच्या लाल-काळ्या जोडीत तांबंच सव्वा किलोच्या वर, शिवाय इन्सुलेशन आणि चार क्लिपा. अख्खी पिशवी किलोभर भरली तर आत काय असेल, हिशोब तुम्हीच करा.

सुरुवात वेल्डिंग केबलपासून झाली. 0.2 मिलिमीटरच्या सुमारे 800 तारा, वर रबर. थंडीत कडक होत नाही, डिझेल-ऑइल लागलं तरी पीव्हीसीसारखी लवकर तडकत नाही. माप आम्ही तेव्हा ठरवलं ते आजही तेच आहे. छोट्या पेट्रोल गाडीला 16 स्क्वेअर एमएम, डिझेल कार आणि जीपला 25, ट्रॅक्टरला 35. लांबी तीन ते साडेचार मीटर. त्याहून लांब हवी असेल तर जाडी वाढवा. मधली आठ-नऊ वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

मार्च 2020 मध्ये लंडनच्या बाजारात तांबं टनाला 5,000 डॉलरच्या खाली होतं. मे 2021 मध्ये ते 10,000 च्या वर गेलं. आमचे दर हंगामाआधीच ठरलेले. नेमक्या त्याच वेळी बाजारात एक सेट आला, आमच्या एक तृतीयांश किमतीत. कोणाचा, ते लिहीत नाही, लाइनीतल्यांना ठाऊक आहे. वर्षानुवर्षं आमचा माल ठेवणाऱ्या दुकानदारांनी खोकी परत पाठवली. 'तुमची केबल चांगली आहे हो, पण त्यांची जाड आहे.'

जाड! तो सेट आम्ही विकत आणून टेबलावर उभा चिरला. बाहेरून करंगळीएवढा, आत कंडक्टर जेमतेम 8 स्क्वेअर एमएमचा, बाकी सगळं प्लॅस्टिक. तार ब्लेडने खरवडली तर आतून पांढरी. म्हणजे सीसीए, ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. क्लिपला चुंबक चिकटला : लोखंडावर तांब्याचं पाणी. केबल एकाच दांडीत पत्रा दुमडून दाबलेली. दुसऱ्या जबड्याला करंट मिळणार तो खिळ्यातून आणि स्प्रिंगमधून. मग स्प्रिंग तापते, तिचा ताण जातो, पकड ढिली होते आणि ढिल्या जागी आणखी तापतं.

आकडेही लिहून ठेवले आहेत. छोट्या डिझेलचा सेल्फ 200 अँपिअर ओढतो असं धरू. 25 च्या तांब्याच्या तीन मीटर जोडीत जाऊन-येऊन सहा मीटर तार, त्यात सुमारे 0.85 व्होल्ट खर्च होतात. त्या सीसीएच्या तेवढ्याच लांबीत चार व्होल्ट. 12 मधून चार गेले तर सेल्फ नुसता टकटक करणार. मग गिऱ्हाईक म्हणतं बॅटरीच गेली, आणि नवी बॅटरी घेतं. केबलला दोष देणारा माणूस आम्ही अजून पाहिलेला नाही.

त्या वर्षी हायड्रॉलिक क्रिंपर, म्हणजे केबलच्या टोकावर नळी दाबून बसवायचं यंत्र, विकायला काढला होता. षटकोनी डायच्या जोड्या, 16 पासून 70 पर्यंत. घ्यायला आलेल्या माणसाने हँडल दोनदा दाबून पाहिलं आणि भंगाराचा भाव सांगितला, म्हणून तो राहिला. तारलं ते पन्हाळ्याकडच्या एका ऊस वाहतूकदार काकांनी. त्यांनी अकरा सेटचे पैसे रोख आगाऊ दिले, आणि गावातल्या सगळ्यांच्या जुन्या केबल पोत्यात भरून आणून टाकल्या : 'यांची टोकं करून द्या.' पुढचं दीड वर्ष आम्ही नव्या मालावर नाही, त्या टोकांवर जगलो. (धंद्यात नवीन असाल तर एक सांगतो. ट्रॅक्टरवाल्याला उधार द्या, दुकानदाराला नव्वद दिवस देऊ नका.)

खऱ्या तांब्याचं टोक पुन्हा करता येतं. आधी क्लिप काढून दोन इंच कापायचं आणि तारा पिंजून पाहायच्या. काळ्या किंवा हिरवट असतील तर आणखी दोन इंच, असं लालभडक तांबं लागेपर्यंत. चिंच-मीठ लावून तांब्या घासतात तसं इथे करू नका. आंबट पाणी तारांच्या पोटात शिरतं आणि महिन्याभरात आतून पुन्हा हिरवं करतं. थिंबल म्हणजे टोकावर दाबून बसवायची नळी, पुढे बोल्टचं भोक असलेली. तिच्या खोलीपेक्षा एक-दोन मिलिमीटर जास्त सोलायचं, एकही तार कापली जाता कामा नये. थिंबल त्याच मापाची हवी. 25 च्या केबलवर 35 ची थिंबल घालून हातोडीने चेपणारे अजून आहेत. लांब नळीला दोन ठिकाणी दाब द्यायचा, मग पायाखाली धरून ओढून पाहायचं, आणि वर गोंदवाली हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आवळून बसणारी नळी). कथलाचा डाग नको. क्लिप तापली की ते मऊ होतं, शिवाय तारांमध्ये चढून केबल तिथे काडीसारखी ताठ करतं, आणि ताठ भाग संपतो तिथेच तारा तुटतात.

क्लिप बोल्टने बसवायची, खाली स्प्रिंग वॉशर, आणि दोन्ही जबड्यांना जोडणारी तांब्याची वेणी. ही वेणी असेल तर क्लिप विकत घ्या, नसेल तर दुकानातून बाहेर पडा. दात काळे पडले तर पितळी ब्रश पुरतो. पांढरी-निळी भुकटी दिसली तर ग्लासभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा, ब्रश, साधं पाणी, मग पूर्ण वाळवून खिळ्यावर ऑइलचा एक थेंब. केबल हात-कोपरावर गुंडाळू नये, हातभर व्यासाचं मोठं वेटोळं करून ठेवावी.

सीसीएला यातलं काहीच लागू नाही. टोक सोललं की पांढरी पूड पडते, दाब दिला तरी काही दिवसांत ढिलं होतं. अशी केबल आम्ही परत देतो, पैसे घेत नाही.

दुरुस्त केलेली केबल गिऱ्हाइकासमोरच तपासतो. गाडी केबलवर सेल्फ मारत असताना मल्टिमीटरची एक पिन चांगल्या बॅटरीच्या प्लसच्या खुंटीवर, दुसरी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसवर. खुंटीवर म्हणजे खुंटीवर, क्लिपवर नाही. टाँग टेस्टरवर (केबलभोवती चिमट्यासारखा लावून करंट मोजायचा मीटर) 200 अँपिअर असताना तीन मीटरच्या 25 ला 0.6 व्होल्टच्या वर गेलं तर एखादा जोड वाईट आहे. खुंटीपासून थिंबलपर्यंत मोजत गेलं की तो सापडतो.

लावण्याचा क्रम सगळ्यांना पाठ असतो, तरी चुकतो चौथ्या क्लिपला. लाल उतरलेल्या प्लसला, लाल चांगल्या प्लसला, काळी चांगल्या मायनसला, आणि शेवटची काळी बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडाला ठिणगी उडते आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो. नव्या गाड्यांत मायनसच्या खुंटीवर सेन्सर असतो, हे आणखी एक कारण. चांगली गाडी चालू करून पाच मिनिटं थांबा. सेल्फ दहा सेकंदांपेक्षा जास्त नको. काढण्याआधी चालू झालेल्या गाडीचा ब्लोअर आणि मागच्या काचेचा हीटर लावा (हेडलाइट नको, बल्ब उडू शकतो), म्हणजे व्होल्टेजचा झटका त्यांच्यावर जातो, आणि मग उलट क्रमाने काढा. ट्रकच्या 24 व्होल्टवरून कार चालू करायला जाऊ नका. तसं करून झाल्यावर आमच्याकडे येणाऱ्यांना आम्ही इलेक्ट्रिशियनचा पत्ता देतो.

काकांची 35 ची जोडी या हंगामाआधी पुन्हा आली. नवी दिली तेव्हा साडेचार मीटर होती. लालचं एक टोक फूटभर काळं निघालं, कापलं, आणि काळीही तेवढीच कापली. दरवेळी कापत कापत आता साडेतीन उरली आहे. ट्रॅक्टर आणखी जवळ लावावा लागेल म्हणालो, तर म्हणाले, 'लावतो की.'