अंबरीषाचा घसा

नागपूरच्या फुटाळा तलावाला बिनदिक्कत चौपाटी म्हणणारी माणसं आम्ही. तिथेच भाजलेलं कणीस खात सूर्यास्त बघतो आणि समुद्राची हौस भागली असं समजतो. त्यामुळे ऐन डिसेंबरात मी वेंगुर्ल्याला निघालो म्हटल्यावर, लेखकमहाशय मासे खायला चालले, असं आमच्या नाट्यसंस्थेतल्या मंडळींनी धरूनच टाकलं. "काहून जाऊन राहिला बे तिकडे? नाटक तर इथं अडलंय ना?" दिग्दर्शकानं फोनवर विचारलं. नाटक अडलं होतं म्हणूनच तर निघालो होतो.

नाटक एम्प्रेस मिलच्या एका म्हाताऱ्या साचेवाल्याचं. जमशेटजी टाटांची ही गिरणी १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली आणि तिच्या भोंग्यावर नागपूरच्या कितीतरी घरांतल्या चुली पेटल्या. आता त्या जागेवर मॉल आहे. माझ्या नाटकातला मुलगा त्याच मॉलच्या दारात सुरक्षारक्षक म्हणून उभा राहतो. दुसऱ्या अंकात बाप-लेकाचं भांडण होतं. कागदावर ते चांगलं दिसायचं. वाचनाला बसलो की मात्र पाचव्या मिनिटाला कुणीतरी चहाचं विचारायचं. मी वाक्यं घासूनपुसून बघितली, एक पात्र काढून टाकलं, एक आजी आणली, तिला परत पाठवली. फरक पडला नाही.

बदलीवर नागपुरात आलेला सावंतवाडीचा एक मित्र ते वाचन ऐकून म्हणाला, "सध्या आमच्याकडे जत्रा सुरू आहेत. एक धयकालो बघून ये." दहीकाल्याला तिकडे धयकालो म्हणतात, आणि धयकालो म्हणजे रात्रभरचा दशावतार, कोकणातलं लोकनाट्य.

नागपूर-मडगाव गाडी दुपारी सुटते. वर्धा, बडनेरा, अकोला, भुसावळ असं करत अंधार पडतो आणि दुसऱ्या दिवशी उजाडलं की माणूस वेगळ्याच राज्यात आल्यासारखा खिडकीला चिकटतो. रत्नागिरीजवळचा करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा. त्या अंधारात समोरच्या बाकावरच्या काकूंनी डबा उघडून घावणे वाटले. नागपुरात अंगावर चढवलेला स्वेटर मी चिपळूणलाच काढला होता. कुडाळला उतरलो तर पाठीवरून घामाची धार. थंडी काय ती आम्ही घरीच ठेवून आलो होतो.

कुडाळला लागूनच पिंगुळी. चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत कथा सांगण्याची कला, आणि कळसूत्री बाहुल्या जपणारे परशुराम गंगावणे तिथलेच. त्यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. दोनच वर्षांनी, २०२३ साली, आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टी रंगभूमीच्या परशुराम खुणे यांना मिळाली. महाराष्ट्राच्या दोन टोकांना लोकरंगभूमीचे दोन परशुराम! एसटीत हे मी शेजारच्या गृहस्थांना मोठ्या उत्साहानं सांगितलं. "हां," म्हणाले, आणि झोपले.

वेंगुर्ल्याबद्दल थोडक्यातच सांगतो, कारण बंदर, दीपगृह, डचांची पडकी वखार आणि मासळी बाजार यांची वर्णनं पुष्कळांनी केलेली आहेत. माझ्यासाठी महत्त्वाची गोष्ट एवढीच की नाटककार मधुसूदन कालेलकर इथलेच. मुंबईच्या रंगभूमीला या किनाऱ्यानं किती माणसं पुरवली त्याची मोजदाद कुणीतरी करायला हवी. मासे मात्र खाल्ले. दिग्दर्शकाचा अंदाज अगदीच वाया जाऊ नये म्हणून.

महोत्सव म्हटलं की आपल्याला पत्रिका, प्रवेशिका, उद्घाटक आणि लांबलेलं उद्घाटन आठवतं. इथल्या महोत्सवाला आयोजकच नाही. कार्तिकापासून पुढे कित्येक महिने तिथीनुसार गावोगावच्या देवळांच्या जत्रा होतात आणि प्रत्येक जत्रेत रात्री दशावतार असतो. आज या गावात, उद्या खाडीपलीकडच्या. मोचेमाडकर, पार्सेकर, वालावलकर, आरोलकर अशी मंडळांची नावं इथल्या पोरांना तोंडपाठ. आपल्या झाडीपट्टीत धानाची कापणी झाली की वडसा-देसाईगंजच्या नाटकमंडळ्या भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीतली गावं जागवतात, तशातलाच हा प्रकार. पण दोन्हींत एक मोठा फरक आहे. झाडीपट्टीच्या नाटकाला लिहिलेली संहिता असते, कुणीतरी लेखक असतो, म्हणजे माझ्या जातीचा माणूस असतो. दशावतारात मला कामच नाही. कथा पुराणातली, सगळ्यांना माहीत असलेली. प्रवेश कुठले, कोण कधी येणार, एवढं रंग लावता लावता ठरतं. संवाद रंगमंचावर गेल्यावर, ज्याचे त्यानं.

मी ज्या जत्रेला गेलो ते गाव शिरोड्याच्या अलीकडे, देऊळ माडांच्या बागेत आणि बागेमागे समुद्र. दिवसभर ओट्या, केळ्यांचे घड, नवस. रात्री खाज्याची दुकानं. खाजा म्हणजे बेसनाच्या काड्या, गूळ आणि आल्यात घोळवलेल्या. आमच्या संत्राबर्फीपेक्षा मला हा प्रकार उजवा वाटला. हे वाक्य नागपुरात कुणी वाचू नये. पालखीची प्रदक्षिणा झाली, देवळातली गर्दी सरकली आणि मंडपात एक पडदा, पुढे एक लाकडी बाक, बाजूला पेटी, मृदंग, झांज. नेपथ्य संपलं.

मी खुर्ची शोधत होतो तर खाली चटईवर बसलेल्या एका आजींनी विचारलं, "खंयसून इलात?"

"नागपूरहून."

"अरे देवा! धयकालो बघूक?" मग पदर सावरत सरकल्या. "बसा हयसर. वाकळ हाडलास काय? दंव पडता."

वाकळ आणली नव्हती. त्यांनी आपल्या नातवाची अर्धी वाकळ माझ्या पायांवर टाकली, नातू झोपेत दोनदा ती ओढून घेत राहिला.

सुरुवातीचा आडदशावतार ठरलेला. गणपती येतो, ऋद्धी-सिद्धी येतात, सरस्वती, ब्रह्मदेव. मग वेद चोरणारा संकासुर, काळा वेश, काळ्या बुरख्यातून लोंबणारी लांब लाल जीभ. देव शुद्ध मराठीत बोलतात आणि संकासुर मालवणीत, त्यामुळे मंडप कुणाच्या बाजूनं आहे हे लगेच कळतं. संकासुरानं समोर बसलेल्या सरपंचांपासून मोबाइलवर चित्रण करणाऱ्या पोरापर्यंत सगळ्यांची खरडपट्टी काढली. विष्णूनं त्याला मारलं तेव्हा आजी हळहळल्या.

त्या रात्रीचं आख्यान अंबरीषाचं. कथा अशी : राजा अंबरीष एकादशीचं व्रत करतो. द्वादशीला पारणं फेडायचं, तेवढ्यात दुर्वास ऋषी अतिथी म्हणून येतात आणि स्नानाला जातो म्हणून नदीवर जातात. येतच नाहीत. तिथी सरत चाललेली. पारणं फेडलं नाही तर व्रत मोडतं, अतिथीआधी जेवलं तर त्याचा अपमान. राजा तोड काढतो आणि फक्त घोटभर पाणी पितो. पाणी पिणं म्हणजे जेवणही आणि न जेवणंही. दुर्वासांना परत आल्यावर ते कळतं आणि ते भडकतात.

राजपार्टी, म्हणजे राजाची भूमिका, करणारा नट साठीच्या आसपासचा असावा. मुकुटाखालून घाम ओघळून गालावरच्या लाल रंगात वाट काढत होता. नऊवारीतली राणीसुद्धा पुरुषच, पण पाणी देताना भांड्याला दुसरा हात लावण्याची तिची पद्धत बघून मी ते विसरलो. बाक आतापर्यंत सिंहासन होतं. राजा त्यावरून उठून खाली बसला आणि ते देवघर झालं. तो पाणी प्यायला, आणि मागून मृदंगाच्या ठेक्यावर दुर्वास आले.

वाद सुरू झाला. श्रुती, स्मृती, अतिथिधर्म. दोघंही तयार होते, शब्दाला शब्द लागत होता. मग दुर्वास एकदम आवाज खाली आणून म्हणाले, "राजा, पाणी प्यायलास तेव्हा तुला तहान लागली होती का?"

राजा थांबला. हे थांबणं अभिनयाचं नव्हतं, ते मला आठ-दहा हातांवरून दिसत होतं. त्यानं शेल्याचं टोक हातात घेतलं, सोडलं. हो म्हणावं तर स्वतःसाठी प्यायला, नाही म्हणावं तर प्रसंग खोटा पडतो. पेटीवाल्यानं न सांगता एक सूर धरला आणि भाता चालू ठेवला. त्या सुरामागून लाटांचा आवाज येत होता, तो मी त्या रात्री पहिल्यांदाच ऐकला.

"लागली होती, ऋषिवर," राजा म्हणाला. "राजा असलो तरी घसा माझाच आहे."

मंडप फुटला. आजी मांडीवर हात मारून म्हणाल्या, "बरो बोललो!" आणि आता पंचाईत दुर्वासांची झाली. कबूलच केलेल्या माणसाशी भांडायचं कसं? दुर्वासांनी दोन वेळा तोंड उघडलं, मिटलं, आणि सरळ जटेतला एक केस उपटून आपटला. पुराणातही ते तसंच आहे, त्या केसातून कृत्या नावाची राक्षसीण निघते आणि मग सुदर्शनचक्र तिला जाळून ऋषींच्या मागे लागतं. पण पुराणातल्या दुर्वासांनी केस का उपटला, हे मला त्या क्षणी कळलं. शब्द संपले होते.

पुढचं सुदर्शनचक्र रंगीत दिव्यांचं, तारेवरून घरंगळत येणारं. हल्ली जाहिरातीच्या फलकांवर 'ट्रिकसीनयुक्त' असं ठळक छापतात, त्यातला प्रकार. पोरं खूश झाली. मला त्या चक्राची गरज वाटली नाही, पण दशावतार पोरांनी बघायलाच हवा असेल तर चक्र फिरू दे, माझं काही म्हणणं नाही.

पहाटे दहीहंडी फुटली, काला वाटला गेला. देवळामागे नटमंडळी खोबरेल तेलानं रंग पुसत होती. 'रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा' अशी म्हण या कलावंतांबद्दल इकडे आहेच. अंबरीष खरोखरच पेटाऱ्याला दोरी आवळत होता. दिवसा काय करता, विचारलं तर म्हणाला काजूच्या कारखान्यात असतो. मी त्या प्रश्नाबद्दल विचारलं. तो हसला. "तेणां आज पयल्यांदाच तसा विचारल्यान," दुर्वासांकडे बोट दाखवत म्हणाला. "ह्यो कायतरी काढतलो ह्या म्हायत होता. पण ह्या काढीत असा नाय वाटला."

"मग उत्तर सुचलं कसं?"

"सुचूक कित्याक व्हया? माका खरोखरच तहान लागलली."

परतीच्या गाडीत मी दुसरा अंक उघडला आणि भांडणाचा प्रवेश पुन्हा वाचला. मुलगा बोलतो, बाप उत्तर देतो, मुलगा बोलतो. प्रत्येकाला दुसऱ्याचं पुढचं वाक्य आधीच ठाऊक. बापाचं उत्तर मुलाच्या प्रश्नाआधी तयार झालेलं, कारण दोन्ही एकाच टेबलावर, एकाच रात्री, मीच लिहिलेली. कुणी कुणाला अडकवत नाही. कुणाचा घसा कोरडा पडत नाही. इगतपुरीला चहा घेतला तोवर प्रवेशाचं पहिलं पान मी खोडून टाकलं होतं, अकोल्यापर्यंत उरलेलं.

संहिता फेकून द्या असं मी म्हणत नाही. राज्य नाट्य स्पर्धेला लेखी संहिता द्यावीच लागते आणि मला लिहायला आवडतं. पण धरमपेठेतल्या आमच्या तालमीच्या खोलीत आल्याबरोबर मी सगळ्यांच्या हातातून कागद काढून घेतले. खोलीत एक लांब बाक होता तो मध्ये ओढला. बाप करणाऱ्या आमच्या ज्येष्ठ नटाला हे मुळीच पटलं नाही. "मग मी पाठ काय करू?" असं तो तीनतीनदा विचारत राहिला. मी म्हटलं, तुम्हाला एवढंच माहीत आहे की गिरणी गेली आणि पोरगा मॉलच्या दारात उभा राहतो. बाकी बोला.

पहिले काही प्रयत्न भयंकर झाले. दोघंही एकमेकांना शिव्या देऊन मोकळे होत आणि मग गप्प बसत. दिग्दर्शक माझ्याकडे असा बघत होता की तिकीट काढून देतो, परत जा वेंगुर्ल्याला. मग आई करणाऱ्या मुलीनं, तिचा त्या प्रवेशात प्रवेशच नव्हता, कोपऱ्यातूनच विचारलं, "गिरणी बंद झाल्याचं कळलं त्या दिवशी तुम्ही डबा खाल्ला होता का?"

ज्येष्ठ नट बाकावर बसला. इथं पेटी नव्हती, पंख्याची खरखर होती.

"खाल्ला," तो म्हणाला. "भाकर होती आन् ठेचा. गेटच्या बाहेर बसून खाल्ला. भूक लागली होती बाई, काय करू?"

मुलाला काही बोलताच येईना. तेव्हा कुणी चहाचं विचारलं नाही.

तो प्रश्न आणि ते उत्तर आता जसंच्या तसं दुसऱ्या अंकात आहे, आणि आईची भूमिका त्या प्रवेशात आली आहे. ती मुलगी म्हणते, वाक्य तिचं असल्यानं मानधनात तिचा वाटा आहे. ज्येष्ठ नट म्हणतात, उत्तर त्यांचं. दिग्दर्शकानं दोघांनाही माझ्याकडे पाठवलं आहे, आणि मी त्यांना सांगितलं आहे की आधी प्रयोग तर होऊ द्या, मग बघू.