उलटं बसलेलं भाडं

गोव्यात मोटरसायकलच्या मागच्या सीटवर भाडं नेणाऱ्याला पायलट म्हणतात. पुढचा मडगार्ड पिवळा, नंबरपाटी पिवळी, परवाना खिशात. मी मूळचा साखळीचा, पणजीच्या कदंब स्टँडवर उभा असतो. माझ्या मागे मासळीची टोपली मांडीवर घेऊन माणसं बसलीत, सिलिंडर धरून बसलीत, एक आजी तर जिवंत कोंबडा घेऊन हळदोण्यापर्यंत आली. पण सगळ्यांची तोंडं पुढे होती. चोर्ला घाटात मात्र माझ्या पाठीला पाठ लावून एक माणूस बसला, आणि त्याच्या खांद्यावर कॅमेरा होता.

झालं असं, की टीव्हीसाठी एका हिंदी नटाच्या मोटरसायकल प्रवासाचं शूटिंग चाललं होतं. नटाचं नाव लिहीत नाही. शेवटचा टप्पा बेळगावहून जांबोटी, कणकुंबी, चोर्ला करत गोव्यात उतरायचा. कॅमेरामनला घेऊन पुढे चालणारा मुंबईचा रायडर कणकुंबीजवळ घसरला आणि त्याचं मनगट सुजलं. गाडीतून शूट करावं तर घाटाच्या वळणांवर गाडी आडवी येते. मग त्यांच्या गोव्यातल्या माणसाने साखळीच्या माझ्या चुलतभावाला विचारलं, आणि त्याने माझं नाव सांगितलं. "रे, माणूस उलटा बसवून घाट उतरशील?" एवढंच त्याने फोनवर विचारलं. मी आधी पैसे विचारले, मग हो म्हणालो.

सप्टेंबर सरत आला होता. कड्यांवरून पाणी अजून पडत होतं, धुकं मध्येच येऊन रस्ता गिळत होतं. कॅमेरामन कोल्हापूरचा, वयाने माझ्याएवढाच. त्याने माझ्या आणि स्वतःच्या कमरेभोवती मिळून एक रुंद पट्टा आवळला आणि म्हणाला, "दादा, ब्रेक लावायच्या आधी तोंडाने सांगायचं. मला पुढचं काही दिसत नाही." मी म्हटलं, मला मागचं आरशात दिसतंय तेवढंच. म्हणजे दोघं मिळून एक धड माणूस.

पहिलाच वाद पाटीवरून झाला. मागून येणाऱ्या नटाच्या हेल्मेटच्या काचेत माझी पिवळी नंबरपाटी चमकत होती. दिग्दर्शक म्हणाला, काळी टेप लावा. मी म्हटलं, पाटीला हात लावायचा नाही. परवाना माझा आहे, दंड मला होईल. बंदोबस्ताचे हवालदारही गालात हसत माझ्याच बाजूने उभे राहिले. शेवटी नटाने काच वर करून चालवायचं ठरलं. तसंही टीव्हीवाल्यांना त्याचा चेहराच हवा होता. दोन वळणं होतात न होतात तोच त्याच्या डोळ्यात किडा गेला आणि सगळा ताफा अर्धा तास थांबला.

त्या अर्ध्या तासात कॅमेरामनने चहा पिता पिता मला त्याच्या धंद्याची गोष्ट सांगितली. २००४ साली इवन मॅकग्रेगर आणि चार्ली बूरमन हे दोन नट एका टीव्ही मालिकेसाठी मोटरसायकलवरून लंडनहून पूर्वेकडे निघाले आणि युरोप, कझाकस्तान, मंगोलिया, सैबेरिया करत, अलास्काला मात्र विमानाने जाऊन, न्यूयॉर्कला पोचले. तीसेक हजार किलोमीटर. केटीएमने गाड्या द्यायला नकार दिला, बीएमडब्ल्यूने दिल्या, आणि पुढे जगभर त्या गाडीचा बोलबाला झाला. पण आमच्या कोल्हापूरकराचा देव तिसराच. क्लाउडिओ फॉन प्लांटा नावाचा कॅमेरामन. त्या दोघांबरोबर तो स्वतः मोटरसायकल चालवायचा आणि शूटही करायचा. मंगोलियात त्याच्या गाडीची फ्रेम तुटली, ती ट्रकने पाठवावी लागली, आणि पठ्ठ्याने तिथलीच एक स्वस्त रशियन गाडी घेऊन रस्ता धरला.

"ते दोघं एखादी नदी एकदा पार करणार," तो म्हणाला, "आणि हा आधी पुढे जाऊन कॅमेरा लावणार, त्यांना येऊ देणार, सगळं गुंडाळून परत त्यांना गाठणार. जास्त कोण चाललं सांगा."

मी नंतर त्या मालिकेचे भाग मुलाच्या मोबाईलवर पाहिले. तिसरा माणूस अधूनमधून दिसतो, हे त्यातलं मला आवडलं. आपल्याकडे २००३ मध्ये टीव्हीवर रोडीज सुरू झालं तेव्हा करिझ्मा मोटरसायकलवरची पोरं दिसायची, शूट करणारे कुठे बसायचे हा प्रश्नही मला कधी पडला नव्हता. मॅकग्रेगर आणि बूरमन तर २०२० च्या मालिकेत विजेवरच्या हार्ले मोटरसायकलने दक्षिण अमेरिकेच्या टोकापासून लॉस एंजेलिसपर्यंत आले. चार्जिंगला लागणारा वेळ पाहून माझ्यातल्या पायलटाचा जीव कासावीस झाला. तेवढ्यात माझी चार भाडी होतात.

आमचा नट काही वाईट चालवत नव्हता, हे सांगायला हवं. कोपऱ्यात शिरायच्या आधी वेग कमी करायचा, मध्येच पुढचा ब्रेक दाबायचा नाही. फक्त कॅमेरा बंद झाला की त्याची गाडी टेम्पोत चढायची आणि तो एसी गाडीत. मिरामारचा 'समुद्र दिसला एकदाचा' हा शॉट तर त्यांनी दोन दिवस आधीच उरकला होता, कारण त्या दिवशी आभाळ मोकळं होतं. मला त्यात फसवणूक वाटली नाही. नाटकात तरी कुठे राजा खरा असतो?

पुढे एका डाव्या वळणावर कदंबची बस वर येत होती, आणि ती निम्मी माझ्या बाजूला. कॅमेरामनची तिच्याकडे पाठ. नट जेमतेम चार-पाच मीटर मागे, नजर लेन्सवर. मी जोरात ब्रेक लावला असता तर तो सरळ कॅमेऱ्यात घुसला असता. म्हणून "डावीकडे!" असं ओरडलो, थ्रॉटल सोडला आणि गाडी कडेच्या खडीवर घेतली. पाठीला पाठ असल्याने कॅमेरामनचं सगळं वजन कुठे झुकतंय ते मला कळत होतं; तो माझ्याबरोबर झुकला, तसूभरही उलट नाही. आरशात पाहिलं, तर नटही खडीवर आलेला, बस त्याच्या कोपराजवळून गेलेली, चेहरा पांढराफटक.

आम्ही थांबलो. कुणीच काही बोलेना. मग दिग्दर्शक मागून धावत आला आणि त्याने पहिला प्रश्न केला, "मिळालं का?"

मिळालं होतं. तोच चेहरा पुढे टीव्हीवर आला. बस त्यात नाही, संगीत आहे, आणि वर नटाचा आवाज की या घाटात मी होतो आणि माझी गाडी होती. आमच्या स्टँडवरचे पायलट ते पाहून इतके हसले की भाड्यासाठी आलेल्या बाई घाबरून रिक्षाकडे गेल्या.

घाटाखाली केरीला उतरल्यावर नट माझ्याकडे आला आणि म्हणाला, मलाही उलटं बसायचंय. दिग्दर्शक नको नको म्हणत असताना त्याने पट्टा बांधून घेतला, हातात कॅमेराही घेतला. मी त्याला अंजुणे धरणाच्या रस्त्याने जरा वरपर्यंत नेऊन परत आणलं. जाताना तो ओरडत होता, येताना गप्प होता. उतरून त्याने कॅमेरा कोल्हापूरकराच्या हातात दिला आणि निर्मात्याला विचारलं, याला रोजचे किती देता? आकडा ऐकून त्याने तिथेच, सगळ्यांसमोर, तो वाढवायला लावला.

माझा नाही वाढवला. मी आधीच ठरवून घेतला होता.