मुतखड्याचं ऑपरेशन आणि पाण्याचा दाब: माझा अनुभव

मुतखड्याचं ऑपरेशन म्हटलं की आमच्या खानापूर भागात पहिला प्रश्न ठरलेला असतो, "लेसरनं करतात का?" मलाही सगळ्यांनी तोच विचारला. आता कुणी विचारलं तर मी आधी पाण्याबद्दल बोलते.

माझ्या उजव्या मूत्रपिंडात 14 मिलिमीटरचा खडा होता, आणि लघवीचा संसर्ग वरचेवर व्हायचा. बेळगावच्या डॉक्टरांनी सी.टी. स्कॅन बघून आर.आय.आर.एस. सुचवलं. म्हणजे कुठेही छेद न देता लघवीच्या वाटेनं वाकणारी दुर्बीण थेट मूत्रपिंडात न्यायची आणि लेसरनं खड्याचा भुगा करायचा. तारीख मात्र दिली नाही. लघवीच्या कल्चरमध्ये, म्हणजे जंतूंच्या तपासणीत, जंतू निघाले होते, त्यामुळे आधी अँटिबायोटिक आणि मगच ऑपरेशन. घरी चुळबुळ सुरू झाली. भावजी म्हणाले, "कोल्हापूरला जाऊया, एका दमात करून टाकतील."

मी डॉक्टरांनाच विचारलं, एवढं थांबायचं कशासाठी?

"बाई, आत दिसायला सलाईन सतत सोडावं लागतंय. ते बाहेर यायला वाट नसली की मूत्रपिंडात दाब चढतोय. खाचरात पाणी सोडलं आणि खालचं तोंड बुजवलं तर बांधाचं काय होतंय, ते तुम्हाला मी काय सांगू?"

एरवी मूत्रपिंडातला दाब साधारण 10 सेंटिमीटर उंच पाण्याच्या दाबाइतका, किंवा त्याहून कमी असतो. तो 30-40 च्या पुढे गेला की आतलं पाणी शिरांमध्ये उलटं शिरू लागतं. त्या पाण्यात जंतू असले तर तेही रक्तात जातात. मग थंडी-ताप, आणि वाईटात वाईट म्हणजे सेप्सिस, संसर्गानं जिवावर बेतणं. सलाईनची बाटली किती उंच टांगली यावर दाब ठरतो. दृश्य गढूळ झालं म्हणून सलाईन ढकलायचा हातपंप जोरात दाबला तर दाब क्षणात 100 च्याही वर जाऊ शकतो.

मग त्यांनी ड्रॉवरमधून नमुन्याची नळी काढली. तिला ॲक्सेस शीथ म्हणतात. ती मूत्रवाहिनीत, म्हणजे मूत्रपिंडातून मूत्राशयात येणाऱ्या नळीत, बसवतात आणि दुर्बीण तिच्यातून ये-जा करते. नळीचं आतलं तोंड 4 मिलिमीटर, दुर्बीण अडीच मिलिमीटर. दुर्बीण आत सरकवून त्यांनी नळी उजेडासमोर धरली. भोवती उरलेली फट बोटाच्या नखाएवढीही नव्हती, आणि पाणी परत येतं ते तेवढ्यातूनच. जाड दुर्बीण अरुंद नळीत घातली तर ती फटही बुजते. दुर्बिणीची जाडी नळीच्या आतल्या रुंदीच्या पाऊण हिश्श्याहून जास्त नसावी, असा त्यांचा हिशेब. पण नळी हवी तेवढी रुंदही घेता येत नाही, मूत्रवाहिनी फाटण्याचा धोका असतो.

माझ्या वेळी हीच अडचण आली. पहिल्या वेळी शीथ वर सरकेना. डॉक्टरांनी जोर लावला नाही, डी.जे. स्टेंट, म्हणजे मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत आत ठेवायची बारीक नळी, घालून मला परत पाठवलं. घरचे नाराज झाले; खर्च वाढला, फेरा वाढला. मला मात्र तो निर्णय आजही शंभर टक्के योग्य वाटतो. स्टेंटचे दिवस त्रासाचे होते. लघवीला बसलं की कमरेत वरपर्यंत कळ जायची, कारण मूत्राशयातला दाब स्टेंटमधून थेट मूत्रपिंडापर्यंत पोचतो. गोळीनं थोडं सुसह्य झालं. पण त्या काळात मूत्रवाहिनी सैलावली, आणि दुसऱ्या वेळी शीथ सहज बसली.

ही शीथ टोकाला वाकणारी, सक्शन जोडलेली. पाणी आणि खड्याचा भुगा ती जागच्या जागी ओढून घेते, त्यामुळे दाब खाली राहतो. सक्शन जास्त झालं तर मूत्रपिंड आक्रसतं आणि काही दिसत नाही, म्हणजे तिथेही डॉक्टरांचा हात लागतोच. टोकाला दाब मोजणारा सेन्सर असलेल्या दुर्बिणीही आता निघाल्यात. माझ्या वेळी तसली दुर्बीण नव्हती.

ताप आला नाही. दुसऱ्या दिवशी घरी सोडलं, पुढे स्टेंटही निघाला.

आता शेजारपाजारचं कुणी ऑपरेशनला निघालं की मी तीन गोष्टी विचारून यायला सांगते: कल्चर झालं का, पाणी बाटलीनं सोडणार की हातपंपानं, आणि शीथ कुठली वापरणार. संमतीचा कागद कन्नड आणि इंग्रजीत असतो, त्यात हे काही सापडत नाही. सक्शनच्या शीथचे पैसे बिलात वेगळे लागतात, तेही आधीच विचारावेत. ज्यांना माझ्यासारखा वरचेवर संसर्ग होतो, त्यांनी तरी तिथे काटकसर करू नये.