परिषद मुलांवर होती, म्हणून मुलांनाही बोलावलं

मुलांसाठीच्या इंटरॅक्शन डिझाइनवर, म्हणजे मुलं वापरतात ती ॲप, गेम कशी घडवावीत यावर, पुण्यात आमच्या कॉलेजात दोन दिवसांची परिषद घ्यायचं ठरलं, तेव्हा विभागप्रमुखांचा पहिला प्रश्न होता, "जेवण कुणाकडे द्यायचं?" रास्तच होता. परिषदेची निम्मी कामं असलीच असतात. हॉल, बॅनर, शाल-श्रीफळ हे सगळं मी सहकाऱ्यांवर सोपवलं आणि पेपर, म्हणजे शोधनिबंधांची निवड, व मुलं स्वतःकडे ठेवली.

या विषयाची एसीएमची (संगणक क्षेत्रातल्या लोकांची आंतरराष्ट्रीय संघटना) मोठी आंतरराष्ट्रीय परिषद 2002 मध्ये नेदरलँड्सच्या आइंडहोवनला सुरू झाली. त्याच वर्षी अमेरिकेच्या ॲलिसन ड्रुइन यांनी तंत्रज्ञान घडवण्यात मुलांच्या चार भूमिका मांडल्या: वापरणारं, चाचणीत भाग घेणारं, माहिती देणारं आणि बरोबरीनं डिझाइन करणारं मूल. मी पेपर तपासणाऱ्या परीक्षकांच्या फॉर्मवर एक प्रश्न घातला, 'या पेपरमध्ये मूल कोणत्या भूमिकेत आहे?' त्यानं चाळणी झटपट लागली. काही पेपरांत मूल कुठेच नव्हतं. पालकांकडून गूगल फॉर्म भरून घेतलेले आणि निष्कर्ष 'मुलांना ॲप आवडलं'. ते परत पाठवले. त्यातला एक ज्येष्ठ प्राध्यापकांचा होता, मग फोनाफोनी झाली, असो. उलट, मोजक्या मुलांसोबत महिनोन्महिने बसून केलेल्या कामावर एका परीक्षकानं 'सॅम्पल फार लहान' असा शेरा मारला होता. तो पेपर आम्ही तिसऱ्या परीक्षकाकडे पाठवला आणि मग स्वीकारला.

परदेशी वक्त्यांच्या कॉन्फरन्स व्हिसासाठी परराष्ट्र आणि गृह मंत्रालयाची परवानगी लागते. हे काम तारीख ठरताच हातात घ्यावं, एवढंच सांगेन.

खरा कस लागला तो मुलांच्या दुपारी, म्हणजे संशोधकांचे गेम मुलं स्वतः खेळून बघणार होती त्या सत्रात. मुळशी तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतली चौथी-पाचवीची मुलं येणार होती. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात अठराच्या आतलं प्रत्येक जण मूलच, म्हणून वकिलांनी पानंच्या पानं संमतीपत्र करून दिलं. पालकसभेत ते कुणी वाचेना. मग मी कागद बाजूला ठेवून सगळं तोंडी सांगितलं. एक आई म्हणाली, "ताई, फोटो कुठं जाणार?" अख्ख्या संमतीपत्रातला कळीचा प्रश्न तोच होता. आम्ही त्या खोलीत फोटोग्राफरच ठेवला नाही. प्रायोजक नाराज झाले.

पालकांच्या सहीनं मुलाची तयारी कळत नाही. म्हणून प्रत्येकाच्या गळ्यात एका बाजूनं हिरवं, दुसऱ्या बाजूनं लाल कार्ड अडकवलं; नको वाटलं की उलटवायचं. एक संशोधक टॅबलेट धरून चौथीतल्या मुलाला सारखं विचारत होता, "आवडलं ना? आवडलं ना?" मुलानं शांतपणे कार्ड उलटवलं आणि खाऊच्या टेबलाकडे चालू लागला. संशोधक टॅबलेट धरून तसाच उभा.

अभिप्रायासाठी पाच चेहऱ्यांचं 'स्मायलीओमीटर' होतं; गेम किती आवडला ते चेहऱ्यावर टिक करून सांगायचं. लहान मुलं त्यात बहुधा सगळ्यात हसरा चेहराच निवडतात, हे या क्षेत्रात जुनंच आहे. तिथंही तेच झालं. सोबत 'पुन्हा खेळशील?' याला हो, कदाचित, नाही असा दुसरा तक्ता ठेवला होता. हसऱ्या चेहऱ्यावर टिक करणाऱ्या कितीतरी मुलांनी तिथं 'नाही'वर खूण केली होती. पाचवीतल्या एकीनं पुढे पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'बाई सारखी मधे बोलते'. ती बाई म्हणजे गेममधला सूचना देणारा आवाज. माझ्या मते अख्ख्या परिषदेतला हा सर्वांत नेमका शेरा.

वेळापत्रक मात्र मुलांच्या कलानं लावावं लागलं. शाळेची बस साडेचारला निघणार म्हणजे निघणारच, त्यामुळे बीजभाषण सकाळी ढकललं, आणि वक्त्यांनी ते हसत मान्य केलं.

परिषद झाल्यावर शाळेच्या मुख्याध्यापकांचा व्हॉट्सॲपवर निरोप आला, 'मुलांनी सुचवलेले बदल केले का, ते मुलं विचारतायत.' ज्यांचे गेम होते त्या सगळ्यांना तो पुढे पाठवला. दोघांचं उत्तर आलंय, बाकीच्यांच्या मागे लागलेय.