यमाईच्या डोंगरावर, आत्याबरोबर

औंध म्हटलं की लोकांना पुण्यातलं औंध आठवतं. हे ते नव्हे. हे सातारा जिल्ह्यातलं, खटाव तालुक्यातलं, संस्थानं विलीन होईपर्यंत पंतप्रतिनिधींची राजधानी असलेलं औंध. आमच्या आत्याच्या सासरची कुलदेवी यमाई इथलीच. पौषातल्या यात्रेच्या गर्दीत जायला तिचे गुडघे आता तयार नाहीत, म्हणून एरवीच्या एका साध्या दिवशी जायचं ठरलं. मला देवीपेक्षा डोंगरावरचं श्री भवानी संग्रहालय बघायचं होतं, आणि हे तिला सांगायची सोय नव्हती.

साताऱ्याहून रहिमतपूरमार्गे गेलो. एसटीने जाणार असाल तर उतरल्या उतरल्या परतीच्या गाडीची वेळ विचारून ठेवा, म्हणजे वर जीव रमला तरी घड्याळाची धास्ती राहत नाही. संग्रहालय डोंगराच्या मध्यावर आणि देवीचं मूळपीठ माथ्यावर, त्यामुळे जाताना आधी संग्रहालयच लागतं. पण आत्याबरोबर असताना हा क्रम चालत नाही. ओटी भरल्याशिवाय ती कुठेही टेकणार नव्हती. शेवटी तेच बरं झालं. दर्शन उरकल्यावर तिचं मन निवांत होतं आणि उतरताना सावलीत बसायला जागा म्हणून ती स्वतःच म्हणाली, "चल, तुझी चित्रं बघू."

हे संग्रहालय १९३८ साली बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी उभं केलं. लोक त्यांना सूर्यनमस्काराचे राजे म्हणून ओळखतात. ते स्वतः चित्रं काढत आणि कीर्तनही करत. रविवर्मा, धुरंधर, बाबूराव पेंटर, माधव सातवळेकर ही नावं मी मनाशी घोकत गेले होते. आत शिरल्यावर पाट्या वाचत एकेक नाव टिपायला लागले. आत्या पाट्यांकडे बघतही नव्हती. चित्रापुढे उभी राहायची, हातातली वस्तू, अंगावरचं वस्त्र, शेजारी कोण आहे ते बघायची आणि सरळ प्रसंग सांगायची. एकदा मी चित्रकार कोण ते सांगायला गेले तर म्हणाली, "ते राहू दे. हिच्या तोंडावरचा राग बघ आधी."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. हा एका कीर्तनकाराचा संग्रह आहे. जो माणूस देवळात उभा राहून आख्यान लावतो, तो चित्रातही आख्यानच शोधणार. पहाडी शैलीतल्या लघुचित्रांपाशी हे फारच पटलं. किरातार्जुनाची कथा तिथे चित्रामागून चित्र अशी उलगडते. डुकराला बाण कोणाचा लागला यावरून अर्जुन आणि किराताच्या वेषातला शंकर यांची जुंपते, ही गोष्ट आत्याने लहानपणी कीर्तनात ऐकलेली. चष्मा पुसून ती पार काचेला नाक लावून बघत होती. लघुचित्रं तशीच बघायची असतात. दोन हात लांब उभं राहिलं तर नुसते रंग दिसतात. घाई असेल तर बाकीची दालनं भराभर करा, पण इथे थांबाच.

हस्तिदंत आणि चंदनाचं कोरीवकाम मी तसं वरवरच पाहिलं. कारागिरी अफाट, पण मला त्यात फार वेळ रमता येत नाही.

आणि मग हेन्री मूर. या इंग्रज शिल्पकाराचं आई आणि मुलाचं दगडी शिल्प या डोंगरावर आहे, हे वाचलेलं असूनही समोर दिसल्यावर विश्वास बसेना. मूरचं काम बघायला लोक लंडनला जातात. इथे शेजारी नारळाची पिशवी घेतलेली माणसं उभी होती. या शिल्पाला ना पुराण, ना प्रसंग. आत्या काय म्हणेल याची मला उत्सुकता होती. तिने एक फेरी मारली, पुन्हा समोर आली आणि विचारलं, "ही कुठली देवी?" मी म्हटलं, देवी नाही, नुसती आई आहे. "मग नाव कशाला पायजे," म्हणाली आणि पुढे गेली. मला अजूनही ठरवता येत नाही की तिला ते आवडलं की नाही.

बाहेर पायरीवर बसून शिदोरी सोडली. मी तिला सांगितलं की याच राजाने १९३९ मध्ये आपली सत्ता आपणहून रयतेच्या हाती दिली आणि त्या राज्यघटनेच्या मागे गांधीजी होते. तिला त्यात नवल वाटलं नाही. कीर्तन करणारा माणूस गादीला किती दिवस चिकटून बसणार, असं तिचं म्हणणं.

कोणी जाणार असेल तर माझं सांगणं एवढंच, की निम्मा दिवस हाताशी ठेवा, फोटो काढता येतात का ते तिकीट काढतानाच विचारा आणि जमलं तर पुराणं पाठ असलेलं एखादं वडीलधारं माणूस बरोबर न्या. आमच्या आत्याला पुढच्या खेपेला पुन्हा किरातार्जुनच बघायचा आहे, आणि त्यासाठी तिने नवा चष्मा करायला टाकलाय.