पडद्यावरचा ॲटिकस

हार्पर ली यांची ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ ही कादंबरी १९६० साली प्रसिद्ध झाली आणि दोनच वर्षांनी रॉबर्ट मुलिगन यांचा चित्रपट आला. कादंबरीत ॲटिकस हा वकील खोट्या आरोपात अडकलेल्या एका कृष्णवर्णीयाचा खटला लढवतो; तिचा प्राण म्हणजे त्याच्या चिमुरड्या मुलीचे, स्काउटचे निवेदन. ते पडद्यावर कसे उतरणार, याची मला धास्ती होती. पण श्रेयनामावलीतच लहान मुलीचे गुणगुणणे ऐकू येते, सिगारची पेटी उघडते आणि कॅमेरा गोट्या, रंगखडू, खिशातले घड्याळ यांच्या इतक्या जवळून सरकतो की आपण नकळत तिच्या उंचीवरून पाहू लागतो.

शेजारच्या वृद्ध मिसेस डुबोस यांची मॉर्फिनच्या व्यसनाशी झुंज गाळली, हे एक वेळ समजून घेता येते. घर सांभाळणारी कृष्णवर्णीय कॅल्पर्निया मुलांना आपल्या चर्चमध्ये नेते, तो प्रसंग मात्र वगळायला नको होता, कारण कृष्णवर्णीयांचे स्वतःचे जग कादंबरीत आपल्याला तिथेच आतून दिसते; चित्रपटात ते बहुतांशी ॲटिकसभोवतीच राहते.

तरीही, खटला हरलेला ॲटिकस (ग्रेगरी पेक) रिकाम्या न्यायालयात कागद आवरून निघतो आणि वरच्या सज्जातली कृष्णवर्णीय माणसे एकेक करून निःशब्दपणे उभी राहतात, तेव्हा पुस्तकातले ते पान माझ्या डोळ्यांपुढे जसेच्या तसे येते.