स्नायू आखडतो, बोटं मिटतात

आज मैत्रिणीचा बायोनिक हात जवळून पाहिला. कागदी कप उचलताना अंगठा आधी आडवा वळला, मग बोटं कपाला टेकली आणि मोटरची बारीक घरघर थांबली. कप जराही चेपला नाही!

हा हात मेंदूतलं काही वाचत नाही. कोपराखाली उरलेले स्नायू आखडले की त्वचेवर जेमतेम मिलिव्होल्टभर विद्युतसंकेत उमटतो. उरलेल्या हातावर घट्ट बसणाऱ्या खोबणीतले, म्हणजे सॉकेटमधले, इलेक्ट्रोड (त्वचेला टेकणारे धातूचे संवेदक) तो टिपतात, तो वाढवला जातो आणि मोटर फिरते. एका बाजूचा स्नायू मूठ मिटवतो, दुसऱ्या बाजूचा उघडतो. त्यासाठी नसलेला हात हलवायचा सराव ती महिनोन्महिने करतेय. खरी करामत तिचीच.

जर्मनीत राइनहोल्ड रायटर यांनी १९४० च्या दशकातच असा हात करून पाहिला होता, पण त्याची यंत्रणा फारच अवजड होती. ट्रान्झिस्टर हा इवलासा इलेक्ट्रॉनिक भाग आल्यावर ती अंगावर वागवता येऊ लागली. प्रत्येक बोटाला स्वतंत्र मोटर असलेला ‘आय-लिम्ब’ नावाचा हात बाजारात यायला मात्र २००७ उजाडलं.

स्पर्श अजून बहुतेक हातांत नाही. कप गरम की गार, हे ती दुसऱ्या हातानेच बघते. मज्जातंतूंमध्ये इलेक्ट्रोड बसवून वस्तू मऊ की कडक हे ओळखता येतं, असं प्रयोगांत दिसलंय. ते तिच्यापर्यंत लवकर पोचावं, असं फार मनापासून वाटतंय.